बॅटरी निवते तेव्हा

बार्शीत उन्हाळा तापला की इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बसू लागतात. पारा 42-43 अंशांवर, बॅटरी जिन्याखाली नाहीतर पत्र्याच्या खोलीत कोंडलेली, आणि आतले पाणी भराभर आटणारे. शिसे-आम्लाच्या बॅटरीबाबत जगभर एक ढोबळ हिशेब मानतात: 25 अंशांच्या वर तापमान दर दहा अंश चढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते. लिथियमच्या बॅटऱ्यांनाही हे ऊन सोसत नाही. त्यांच्या मोठ्या साठवण केंद्रांना गारवा देणारी यंत्रणा सतत चालू ठेवावी लागते, आणि साठवलेल्या विजेतला काही भाग त्या गारव्यावरच खर्ची पडतो. सोलापूर जिल्ह्यात वीज साठवायची तर आधी साठवणीला थंड ठेवण्याची सोय करावी लागते.

बॅटऱ्यांचे एक कुळ मात्र असे आहे की त्याला आपला मे महिना जाणवतही नाही. सोडियम-गंधक, सोडियम-निकेल क्लोराइड आणि द्रवधातूच्या या बॅटऱ्या आतून 270 ते 500 अंश सेल्सिअसवर काम करतात. बाहेर 10 अंश असोत की 45, आतल्या 300 अंशांपुढे तो फरक किरकोळ. त्यात लागणारे सोडियम मिठातून मिळते, गंधक तेलशुद्धीकरणात उपपदार्थ म्हणून निघतो. मग गेल्या साठ वर्षांत या बॅटऱ्या गावोगावी का पोहोचल्या नाहीत?

किंमत, कारखान्यांची संख्या, लिथियमची झपाट्याने झालेली स्वस्ताई ही कारणे आहेतच. पण सगळ्यांच्या मुळाशी असलेले तांत्रिक कारण तापण्यात सापडत नाही, ते निवण्यात सापडते. ही बॅटरी 300 अंशांवर वर्षानुवर्षे सुखाने राहते. ती थंड होऊन पुन्हा तापली, असे अनेकदा झाले, की तिच्या आतल्या चिनी मातीसारख्या ठिसूळ भागाला तडे जाण्याची भीती असते. बार्शीसारख्या ठिकाणी अशी बॅटरी आणायची झाली तर उन्हाची चिंता सोडून द्यावी आणि ती वर्षातून किती वेळा निवेल, निवताना किती भरलेली असेल, एवढेच विचारावे, असे माझे मत आहे. या प्रश्नावर आजवर काय काय समजले, त्याचा हा आढावा.

नळीच्या आत आणि बाहेर

1966 साली अमेरिकेतल्या फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ कमर आणि नील वेबर यांनी सोडियम-गंधक बॅटरीची कल्पना मांडली. नेहमीच्या बॅटरीत दोन घन पट्ट्या आणि मधे द्रव असतो. इथे सगळे उलटे: दोन बाजूंना वितळलेले द्रव आणि मधे घन भिंत. ही भिंत बीटा-ॲल्युमिनाची, म्हणजे सोडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. तिच्या स्फटिकांत सपाट थर असतात आणि त्या थरांमधून सोडियमचे आयन सहज सरकतात; इलेक्ट्रॉन मात्र अडतात. खोलीच्या तापमानाला हे सरकणे फार मंद असते. 300 अंशांच्या आसपास ते इतके वेगवान होते की घन पदार्थ असूनही ती भिंत चांगल्या द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीने आयन वाहून नेते.

प्रत्यक्ष सेलमध्ये ही भिंत एका टोकाला बंद असलेल्या नळीच्या रूपात असते. सोडियम-गंधक सेलमध्ये नळीच्या आत सोडियम, बाहेर कार्बनच्या नमद्यात भिजलेला गंधक आणि त्याबाहेर धातूचे डबडे. वीज काढून घेताना सोडियम भिंतीतून बाहेर जाते आणि गंधकाशी मिळून पॉलिसल्फाइडे तयार होतात. सेलचा विद्युतदाब सुरुवातीला 2.08 व्होल्ट असतो, शेवटी तो 1.78 व्होल्टपर्यंत उतरतो. सोडियम 98 अंशांना वितळते, गंधक 115 ते 119 अंशांना. मग 120 अंशांवर भागले असते, 300 ची गरज काय? एक कारण भिंतीतून आयन वेगाने जाण्याचे. दुसरे कारण पॉलिसल्फाइडांचे. त्यांतली बरीचशी 235 ते 285 अंशांच्या दरम्यान गोठतात, म्हणून सगळे द्रव ठेवायचे तर 300 च्या खाली उतरता येत नाही. निवण्याच्या साऱ्या अडचणी या दुसऱ्या कारणातून निघतात.

गोठताना काय घडते

प्रत्येक पदार्थ थंड होताना आकसतो, पण सगळे सारखे आकसत नाहीत. बीटा-ॲल्युमिना एका अंशाला एका मीटरमागे साधारण साडेसात मायक्रोमीटर आकसते, स्टेनलेस स्टील सुमारे 17, ॲल्युमिनियम 23 आणि सोडियम 70 च्या घरात. अर्ध्या मीटरची नळी 320 अंशांवरून 40 अंशांवर आणली तर ती सुमारे एक मिलिमीटर आखूड होते. तेवढ्याच लांबीचे स्टीलचे डबडे जवळजवळ 2.4 मिलिमीटर, ॲल्युमिनियमचे असेल तर तीन मिलिमीटरांहून जास्त. डबडे आणि नळी तोंडाशी एकमेकांना पक्की जोडलेली असतात. हा दीड-दोन मिलिमीटरांचा फरक कुणीतरी सोसलाच पाहिजे.

सेल गरम असेपर्यंत सोसायला कुणी लागत नाही. मधे द्रव असतो, द्रव सरकतो आणि ताण साठत नाही. खरी गोष्ट सुरू होते ती द्रव गोठल्या क्षणापासून. सुताराकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच उमगेल: लालबुंद धाव सैल असते, पाणी ओतले की ती आकसते आणि लाकडाला करकचून आवळते. नळीभोवतीचे पॉलिसल्फाइड गोठले की तेही असेच नळीला धरते. धाव गोल असते आणि चाकाला सगळीकडून सारखी आवळते, म्हणून चाक टिकते. इथे तसे होत नाही. द्रव तळाशी जास्त, वर कमी. एका बाजूने आधी निवतो, दुसऱ्या बाजूने नंतर. नमदा एकीकडे नळीला चिकटलेला, दुसरीकडे डब्याला. त्यामुळे नळीवर आवळणाऱ्या ताणाबरोबर वाकवणारा आणि ओढणारा ताणही पडतो. सिरॅमिक दाब खूप सोसते, ओढ मात्र फारशी सोसत नाही.

यातून एक हिशेब निघतो आणि मला तो या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. ताण साठायला लागतो गोठण्याच्या तापमानापासून, कामाच्या तापमानापासून नव्हे. सेल रिकामा असताना, म्हणजे पॉलिसल्फाइडांनी भरलेला असताना निवला, तर 240-280 अंशांवरच घट्ट होतो आणि पुढचे 200 हून जास्त अंश तो नळीला ओढत राहतो. तोच सेल पूर्ण भरलेला असताना निवला तर बाहेरच्या कप्प्यात मुख्यतः गंधक असतो. तो 115-119 अंशांपर्यंत पातळ राहतो, म्हणजे बार्शीच्या 40 अंशांपर्यंत ताण साठायला जेमतेम 80 अंश उरतात. आतल्या बाजूचे सोडियम गोठताना सुमारे अडीच टक्के आकसते, पण ते चाकूने कापण्याइतके मऊ, त्यामुळे सिरॅमिकला फारसे दुखवत नाही. कारखान्यातही सोडियम-गंधक सेल बांधताना सोडियम आणि गंधक वेगवेगळे भरतात, म्हणजे सेल जन्मतः भरलेला असतो आणि थंड अवस्थेतच गावोगाव पाठवता येतो. पहिल्यांदा तापवताना त्याला धोका कमी असतो तो त्यामुळेच.

आता हाच हिशेब प्रत्यक्षात कसा उलटतो ते पाहावे. बॅटरी निवते कधी? बाहेरची वीज दीर्घकाळ गेली तर. वीज गेली की आपण आधी काय करतो? बॅटरी वापरतो. ती रिकामी होते, आतल्या हीटरला द्यायला वीज उरत नाही आणि मग ती निवू लागते. म्हणजे ज्या स्थितीत गोठणे सर्वांत घातक, नेमक्या त्याच स्थितीत ती गोठते. वीजपुरवठ्याचा भरवसा नाही म्हणून जिथे बॅटरी घ्यायची, तिथेच हा धोका सर्वांत मोठा. आपल्याकडच्या कुणाही खरेदीदाराने हा मुद्दा आधी समजून घ्यावा.

तडा गेला की सेल लगेच मरतो असेही नाही, आणि म्हणून हे दुखणे फसवे आहे. निवण्याच्या एका फेरीत नळीच्या पृष्ठभागावर काही मायक्रोमीटरांची चीर पडते किंवा आधीची चीर थोडी लांबते. पुन्हा तापवल्यावर सेल व्यवस्थित चालतो, विद्युतदाब ठीक दाखवतो. पुढे जोराने चार्जिंग करताना सोडियम भिंतीतून आत येते, त्या चिरेत भरते आणि बाहेर पडताना दाब निर्माण करते. विद्युतप्रवाह एका मर्यादेपलीकडे गेला तर हा दाब चिरेला पुढे फाडत नेतो. 1970 च्या दशकापासून संशोधकांनी ही क्रिया बारकाईने अभ्यासली आहे. निवण्याने केलेली इजा अशी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, चार्जिंगच्या वेळी उघड होते आणि दोष चार्जरच्या माथी जातो. नळीच्या सिरॅमिकमध्ये झिर्कोनिया मिसळून ती कणखर करण्याचे प्रयत्न झाले, त्यांना बऱ्यापैकी यशही आले. चीर सुरू होण्याला मात्र पूर्ण आळा घालता आलेला नाही.

सांध्यांचे दुखणे वेगळे. बीटा-ॲल्युमिनाची नळी वरच्या बाजूला साध्या ॲल्युमिनाच्या कड्याला काचेने जोडतात आणि ते कडे धातूला दाब-उष्णतेने चिकटवतात. काच, दोन प्रकारची सिरॅमिके आणि धातू, असे चार वेगळे स्वभाव एका बोटभर जागेत. काच अशी निवडतात की तिचे आकसणे सिरॅमिकशी जुळावे. जुळते ते जवळपास, तंतोतंत नाही. दर फेरीला सांध्याची थोडी झीज होते आणि गरम सोडियमची वाफ त्या काचेला हळूहळू खात असते, ते निराळेच. पुन्हा तापवण्याची घाईही महागात पडते: तळ आधी वितळला आणि वर घन बूच राहिले तर वितळताना फुगणाऱ्या द्रवाला जायला वाट मिळत नाही. म्हणून सावकाश, सगळीकडून सारखे तापवणे हा या बॅटरीचा पहिला नियम आहे.

निवूच न देण्याचा जपानी मार्ग

मोटारगाडीत ही बॅटरी बसवण्याचा पहिला मोठा प्रयोग फसला. 1993 च्या सुमारास फोर्डने इकोस्टार नावाच्या सुमारे शंभर व्हॅन सोडियम-गंधक बॅटरीवर चालवल्या. 1994 मध्ये त्यांतल्या दोन व्हॅनच्या बॅटऱ्यांना आग लागली आणि कंपनीने या वाटेचा नाद सोडला. त्या आगींचा दोष निवण्यावर टाकण्याचा माझा हेतू नाही. पण गाडी ही मुळातच चालते थोडा वेळ आणि उभी राहते फार वेळ अशी वस्तू. 300 अंशांवर राहू पाहणाऱ्या बॅटरीला ते घर सोयीचे नव्हते.

अवकाशातही ती जाऊन आली. नोव्हेंबर 1997 मध्ये कोलंबिया यानाच्या ज्या फेरीत कल्पना चावला पहिल्यांदा अंतराळात गेल्या, त्याच फेरीत अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने चार सोडियम-गंधक सेल तपासायला पाठवले होते.

ही बॅटरी खरी रुजली ती जपानमध्ये. एनजीके इन्स्युलेटर्स ही विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्स्युलेटरांसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी. सिरॅमिक तिच्या हाडीमांसी खिळलेले. तिने टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीबरोबर 1980 च्या दशकात काम सुरू केले आणि 2002 मध्ये व्यापारी उत्पादन काढले. त्यांची युक्ती साधी होती: बॅटरी निवूच द्यायची नाही. शेकडो सेल एका इन्सुलेटेड पेटीत, मधे वाळू भरलेली, पेटीला हीटर आणि वापर असा की रोज एकदा भरायची, एकदा रिकामी करायची. वीज काढताना आत उष्णता निर्माण होते, तीच पेटीला गरम ठेवते. हीटरला काम पडते ते सुट्टीच्या दिवशी. आओमोरी प्रांतातल्या रोक्काशो इथे 51 मेगावॅटच्या पवनऊर्जा प्रकल्पाला 2008 मध्ये 34 मेगावॅटची अशी बॅटरी जोडली गेली.

उन्हाच्या देशांसाठी जास्त बोलकी उदाहरणे दोन. अबुधाबीने 2019 मध्ये दहा ठिकाणी मिळून 108 मेगावॅट, 648 मेगावॅट-तासांची सोडियम-गंधक साठवण उभी केली. दुसरे टेक्ससमधले प्रेसिडिओ. मेक्सिकोच्या सीमेवरचे छोटे, अति उष्ण गाव, 1948 साली टाकलेल्या एकाच लांबलचक वाहिनीवर लटकलेले, वादळ झाले की अंधारात. तिथे 2010 मध्ये चार मेगावॅटची बॅटरी बसवली, आठ तास पुरेल एवढी. मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या सीमेवरचे, एका फिडरच्या टोकाला असलेले कुठलेही गाव घ्या, प्रेसिडिओची अडचण ओळखीची वाटेल.

सप्टेंबर 2011 मध्ये इबाराकी प्रांतात एका कारखान्यातल्या अशा बॅटरीला आग लागली आणि ती पुरती विझायला दोन आठवडे लागले. एका सेलमधून गळलेला तप्त द्रव वाळू ओलांडून शेजारच्या सेलांपर्यंत पोहोचला आणि शॉर्टसर्किट झाले. पाण्याचा मारा करता येत नव्हता, सोडियम पाण्याशी भडकते. त्यानंतर सेलांमध्ये फ्यूज आणि आगरोधक पडदे बसवण्यात आले. ही घटना निवण्याची नसली तरी या आढाव्यात ती आलीच पाहिजे, कारण तडकलेल्या एका नळीची किंमत सोडियम-गंधक कुळात किती मोठी असू शकते ते तिने दाखवले. इथे नळी हाच एकमेव पहारेकरी आहे.

मिठाची बॅटरी आणि तिचा समजूतदार स्वभाव

सोडियम-गंधकावर ब्रिटिश रेल्वेच्या डर्बी इथल्या संशोधन विभागानेही 1970 च्या दशकात काम केले. जेम्स सडवर्थ हे त्या कामातले मोठे नाव. त्याच दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला योहान कूट्झर यांच्या गटाने वेगळी जोडी शोधली: सोडियम आणि निकेल क्लोराइड. आफ्रिकेतल्या त्या संशोधन प्रकल्पाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला झेब्रा म्हणू लागले. पुढे डर्बी, मग जर्मनी आणि शेवटी स्वित्झर्लंडमधले स्टाबिओ, असा तिचा प्रवास झाला. आज तिथे तयार होणाऱ्या 48 व्होल्टच्या पेट्या मोबाइल टॉवरांवर, विशेषतः उष्ण प्रदेशांत, वापरल्या जातात.

निवण्याच्या बाबतीत ही बॅटरी फार समजूतदार आहे आणि त्याची कारणे तिच्या घडणीत दिसतात. इथे मांडणी उलटी: निकेल, मीठ आणि सोडियम-ॲल्युमिनियम क्लोराइड नावाचा वितळलेला क्षार नळीच्या आत, आणि सोडियम नळीच्या बाहेर. गोठताना आतला गोळा आतल्या आत आकसतो. तो भिंतीपासून सुटून जाऊ शकतो, नळीला बाहेरून पकडत नाही. शिवाय तो क्षार 157 अंशांपर्यंत द्रव राहतो. मघाचा हिशेब इथे लावला तर 40 अंशांपर्यंत ताण साठायला सुमारे 117 अंशच मिळतात, रिकाम्या सोडियम-गंधक सेलच्या जवळपास निम्मे. बॅटरी भरलेली असो की रिकामी, हा क्षार असतोच, त्यामुळे निवतानाच्या भरलेपणावर इतके अवलंबून राहावे लागत नाही.

आणखी एक गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. समजा नळी तडकलीच. मग सोडियम त्या क्षाराला भिडते, मीठ आणि धातुरूप ॲल्युमिनियम तयार होते. ना स्फोट, ना वायू. ॲल्युमिनियम वीज वाहून नेते, म्हणून तो सेल मेला तरी तारेसारखा जोडलेला राहतो आणि बाकीची माळ चालू राहते. काही टक्के सेल असे गेले तरी बॅटरी काम करते. कारखान्यात ही बॅटरी रिकामी बांधली जाते, मीठ आणि निकेल भरून. धातुरूप सोडियम हाताळावे लागतच नाही, ते पहिल्या चार्जिंगमध्ये आपोआप तयार होते. नाटोच्या पाणबुडी-बचाव यानासाठी हीच बॅटरी निवडली गेली, यात आश्चर्य नाही.

तरी फुकट काहीच नाही. साधारण 20 किलोवॅट-तासांची झेब्रा बॅटरी, उत्तम इन्सुलेशन असूनही, नुसती गरम राहण्यासाठी सुमारे 100 वॅट खाते. दिवसाला 2.4 किलोवॅट-तास, म्हणजे साठवणीचा आठवा भाग. पूर्ण भरून ठेवून दिली तर आठएक दिवसांत स्वतःलाच तापवत रिकामी होईल. रोज भरली-रिकामी केली तर ही उष्णता आतल्या विजेच्या नासाडीतूनच बहुतांश निघते आणि खर्च जाणवत नाही. एकदा पूर्ण निवली की पुन्हा तापवून कामाला लावायला साधारण एक दिवस मोडतो. बार्शीच्या उन्हाचा इथे थोडा फायदाच होतो: बाहेर 10 अंशांऐवजी 40 असतील तर उष्णतेची गळती दहाएक टक्क्यांनी घटते. यापेक्षा मोठा फायदा कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

भिंतच काढून टाकली तर

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या डोनाल्ड सॅडोवे यांनी प्रश्नच बदलला. ठिसूळ भिंत तडकते ना, मग भिंत नकोच. वर हलका द्रवधातू, खाली जड द्रवधातू, मधे वितळलेला क्षार. घनतेच्या फरकाने तिन्ही थर आपापल्या जागी तरंगतात. गोठले तर गोठले, वितळले की पुन्हा थर लागतात. 2010 मध्ये त्यातून कंपनी निघाली, पुढे तिचे नाव अँब्री झाले. कॅल्शियम आणि अँटिमनीची त्यांची बॅटरी 500 अंशांवर चालते.

महाराष्ट्राशी या गोष्टीचा थेट धागा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईस्थित रिलायन्स उद्योगसमूहाच्या रिलायन्स न्यू एनर्जी सोलर कंपनीने अँब्रीत पाच कोटी डॉलर गुंतवले. बिल गेट्स आणि पॉलसन अँड कंपनी यांच्यासह एकूण रक्कम 14.4 कोटी डॉलरची होती आणि भारतात मोठा कारखाना काढण्याविषयी बोलणी जाहीर झाली. मे 2024 मध्ये अँब्रीने दिवाळखोरीचा अर्ज केला. भिंत गेली तरी झाकण उरतेच: 500 अंशांवर धातूच्या वाफा कोंडणारा, वीज न जाऊ देणारा, धातूला आणि सिरॅमिकला एकत्र धरणारा सांधा. 2015 मध्येच या सांध्याने कंपनीला मागे ढकलले होते, माणसे कमी करावी लागली होती. वेगवेगळ्या गतीने आकसणाऱ्या वस्तू एकत्र बांधण्याचा प्रश्न भिंतीतून निघाला आणि झाकणात जाऊन बसला.

दुसरी वाट तापमान उतरवण्याची. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने सोडियम-निकेल क्लोराइड 190 अंशांवर चालवून दाखवले. सँडिया प्रयोगशाळेने नॅसिकॉन नावाचे दुसरे सिरॅमिक वापरून 110 अंशांपर्यंत मजल मारली. तापमान उतरले की सांध्यांना साधे पदार्थ चालतात; गोठण्याचे तापमानही उतरले तर गोठल्यानंतरच्या अंशांचा आकडाही लहान होतो.

पॅसिफिक नॉर्थवेस्टच्याच गटाने 2022 मध्ये मांडलेली कल्पना मात्र मला सर्वांत धाडसी वाटते. त्यांनी निवण्यालाच कामाला लावले. ॲल्युमिनियम-निकेलची बॅटरी 180 अंशांना तापवून भरायची आणि मुद्दाम निवू द्यायची. क्षार गोठला की आयनांची ये-जा थांबते, आपोआप होणारी गळती थांबते. बारा आठवड्यांनंतर पुन्हा तापवल्यावर 92 टक्के साठा शिल्लक होता. तडकेल अशी सिरॅमिक भिंत त्यांनी टाळली, साध्या काचतंतूंचा पडदा वापरला. उन्हाळ्यातले ऊन साठवून ढगाळ आषाढ-श्रावणात वापरणे, ही आपल्याकडची गरज अशा बॅटरीत बसू शकते. प्रयोगशाळेतल्या हातात मावणाऱ्या सेलपासून गावाच्या साठवणीपर्यंत अजून बरेच अंतर आहे.

बार्शीचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यात वीज साठवण्याची कल्पना नवी नाही. उजनी धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचा, उलटाही फिरवता येईल असा संच बसवलेला आहे. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसाची सौर वीज फिडरवर येऊ लागली आहे आणि संध्याकाळी सातनंतर काय, हा प्रश्न पुढे येतो आहे. रोज दुपारी भरणे आणि रोज संध्याकाळी रिकामी करणे हा उष्ण बॅटरीला मानवणारा दिनक्रम आहे.

चार-आठ तासांच्या भारनियमनाने ही बॅटरी निवत नाही. इन्सुलेशन चांगले असेल तर गोठायला काही दिवस लागतात. भीती वळवाच्या पावसाची, जेव्हा खांब आडवे होतात. आणि डीपी जळण्याची, जेव्हा नवी येईपर्यंत आठवडा निघून जातो. वर्षाला असे दोन प्रसंग धरले तर पंधरा वर्षांत तीस वेळा निवणे आले. झेब्राकडून तेवढ्याची अपेक्षा रास्त आहे. सोडियम-गंधकाच्या बाबतीत, तेही रिकाम्या अवस्थेत, मी ती ठेवणार नाही. गावपातळीवर, डाळ मिलला किंवा दवाखान्याला घ्यायची तर मिठाची बॅटरी घ्यावी, आणि सोडियम-गंधक मोठ्या उपकेंद्रांवर, जिथे दुहेरी पुरवठा आहे, तिथेच ठेवावी.

1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वे सुरू केली तेव्हा एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडणार नाही असा दंडक घालून त्यांनी इंजिने, वाघिणी आणि रूळ एकमेकांना जुळवले होते. विकत घेणाऱ्याने अट आधी सांगायची आणि यंत्र त्या अटीत बसवून घ्यायचे, ही रीत इथे बॅटरीलाही लागू पडते. उच्च तापमानाच्या बॅटऱ्यांसाठी 2020 पासून 62984 या क्रमांकाची आंतरराष्ट्रीय मानके आहेत. त्यांचा दाखला घ्यावाच, पण निविदेत आपल्या अटीही लिहाव्यात: पूर्ण गोठून पुन्हा तापण्याच्या किती फेऱ्यांची हमी, त्या फेऱ्या रिकाम्या अवस्थेत तपासल्या का, आणि साठा किती उरला की बॅटरी बाहेर वीज देणे थांबवून उरलेली हीटरसाठी राखून ठेवते. चार्जिंगच्या हजारो फेऱ्यांचा आकडा विक्रेता आपणहून सांगतो. निवण्याच्या फेऱ्यांचा आकडा मागून घ्यावा लागतो.

हीटरचा प्रश्न तर इथल्या उन्हातच सुटतो. 20 किलोवॅट-तासांच्या झेब्राला दिवसाला 2.4 किलोवॅट-तास हवेत. एक किलोवॅटची सौर पॅनेले आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार-साडेचार किलोवॅट-तास देतात. म्हणजे साडेपाचशे-सहाशे वॅटचे एक पॅनेल नुसते हीटरला जोडून दिले, पावसाळ्यासाठी दुसरे ठेवले, की डीपी महिनाभर बंद राहिली तरी बॅटरी गोठणार नाही. मात्र ही पॅनेले छतावरच्या नेहमीच्या ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरवर घेऊ नयेत. लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी तो इन्व्हर्टर पुरवठा जाताच बंद पडतो, आणि हीटरला वीज लागते ती नेमकी तेव्हाच. पॅनेलपासून हीटरपर्यंतची तार वेगळी, थेट असावी.